पाण्याचा जमाखर्च

पुणे शहराच्या पर्जन्यमानाचे आकडे समोर ठेवले, तर हे शहर पाण्याच्या बाबतीत भाग्यवान आहे असे कोणी म्हणणार नाही. वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत पडून जाणारा, आणि त्यापुढे आठ महिने कोरडे आकाश, हे पठारावरील बहुतेक गावांचे प्राक्तन पुण्याच्याही वाट्याला आलेले आहे. परंतु या शहराच्या पश्चिमेस सह्याद्रीची धार उभी आहे; तिच्या कुशीतल्या खोऱ्यांत शहराच्या कित्येक पटींनी अधिक पाऊस कोसळतो; आणि मुठा, आंबी व मोसे या तीन नद्या तो सारा पाऊस गोळा करून शहराच्या दिशेने आणतात. या नद्यांवर टेमघर, पानशेत, वरसगाव आणि खडकवासला अशी चार धरणे आहेत. त्यांचा एकत्रित उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, इतका भरतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, हे ध्यानात घेतले म्हणजे निसर्गाने आणि पूर्वजांनी मिळून या शहराच्या पदरात काय टाकले आहे याची कल्पना येईल.

असे असूनही दर उन्हाळ्यात पुण्यात पाण्याची ओरड होते, टँकरांच्या रांगा लागतात, पाणीकपातीच्या बातम्या येतात, आणि महापालिका व जलसंपदा खाते यांच्यात खलित्यांची देवघेव सुरू होते. त्या वादातले राजकारण क्षणभर बाजूस ठेवून नुसते गणित करून पाहण्यासारखे आहे. मोठ्या शहरातील माणसाला दररोज १३५ ते १५० लिटर पाणी मिळावे, असा सरकारी निकष आहे. त्यातला वरचा आकडा घेतला आणि शहराची लोकसंख्या, तरंगत्या वस्तीसह, सढळ हाताने सत्तर लाख धरली, तरी वर्षाची गरज साडेतेरा टीएमसीच्या आसपास येते. प्रत्यक्षात महापालिका दररोज सोळाशे दशलक्ष लिटरांहून अधिक, म्हणजे वर्षाला वीस टीएमसीच्या वर पाणी उचलते. उद्योग, रुग्णालये, उपाहारगृहे, वसतिगृहे यांचा वाटा वजा घातला तरी मोठी तफावत शिल्लक राहते. ज्या शहरात एके काळी पेशवे दफ्तरातील कारकून दिवाबत्तीच्या तेलाचाही हिशेब लिहीत, त्या शहराला आपल्या घरात येणाऱ्या आणि घरातून जाणाऱ्या पाण्याची रोजकीर्द ठेवता आलेली नाही. पुण्याच्या पाणीप्रश्नाचे मूळ या बेहिशेबीपणात आहे, आणि धरणांची संख्या वाढवून ते उपटले जाणार नाही, असे प्रतिपादन करण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

*

पुण्याला दुरून पाणी आणण्याचा पहिला मोठा उद्योग नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीतला. १७५० च्या सुमारास कात्रजच्या डोंगरपायथ्याशी तलाव बांधून तेथून सुमारे आठ किलोमीटरांचा भूमिगत नळ शहरापर्यंत आणण्यात आला. त्याला ‘नळ’ म्हणतात म्हणून आजच्या वाचकाने लोखंडी पाइप डोळ्यांपुढे आणू नये. तो दगडचुन्यात बांधलेला, माणूस उभा राहून चालू शकेल एवढ्या उंचीचा बोगदा होय. त्यातून पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत येई. मार्गावर जागोजाग उच्छ्वास, म्हणजे वर उघडणाऱ्या विहिरीसारख्या मोऱ्या, ठेवलेले होते. त्यांतून हवा खेळे, आणि आत उतरून तळाशी बसलेला गाळ काढता येई. शहरात आल्यावर हे पाणी शनिवारवाड्यात आणि पेठापेठांतल्या हौदांत पडे. पुढे नाना फडणिसांनी आणि सरदार रास्त्यांनीही आपापल्या भागासाठी असेच नळ आणले. काळा हौद, बाहुलीचा हौद, सदाशिव पेठ हौद, फडके हौद ही नावे पुण्याच्या भूगोलात अद्याप टिकून आहेत; हौद मात्र बहुतेक बुजले किंवा कोरडे पडले.

या रचनेचे कौतुक करताना पेशवाईच्या स्मरणरंजनात बुडून जाण्याचे कारण नाही. त्या काळी शहर लहान होते, माणसाची गरज थोडी होती, आणि हौदावर कोणी घागर बुडवावी व कोणी दूर उभे राहावे याचे जातिनियम कठोर होते. १८६८ साली महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, ही घटना क्रांतिकारक ठरली यावरूनच त्या व्यवस्थेतला अन्याय स्पष्ट होतो. तथापि तिच्यातील एक गुण आजच्या व्यवस्थेत लोपला आहे. हौदाच्या काठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकास पाण्याची पातळी डोळ्यांनी दिसे. चैत्रात ती उतरू लागली की सर्व पेठेला त्याची वर्दी आपोआप मिळे. साठा आणि वापर यांच्यामध्ये भिंत नव्हती. आज सोळाव्या मजल्यावरील गृहस्थाला तोटी फिरवल्यावर पाणी येते एवढेच ज्ञात असते. ते पानशेतचे की टँकरचे, याची वार्ता त्यास सोसायटीच्या सूचनाफलकावरून कळते.

कात्रजच्या तलावाच्या पाण्याने लष्कराच्या मोठ्या छावणीची आणि वाढत्या शहराची तहान भागणार नाही, हे इंग्रजी अंमलात लवकरच ध्यानात आले. कर्नल फाइफ या अभियंत्याच्या आराखड्यानुसार खडकवासल्यास दगडी धरण बांधण्याचे काम १८६० नंतरच्या दशकात सुरू झाले आणि १८७९ च्या सुमारास ते पुरे झाले. त्याच्या जलाशयास पुढे ‘लेक फाइफ’ म्हणत. या धरणाचे प्रयोजन आरंभापासूनच दुहेरी होते: पुणे व खडकीच्या लष्करी छावण्यांना आणि शहराला पाणी देणे, हे एक, आणि पूर्वेकडील अवर्षणप्रवण मुलखात कालव्याने शेती भिजवणे, हे दुसरे. शहर आणि शेती यांच्यातील आजच्या तंट्याचे बीज असे धरणाच्या पायातच रोवलेले आहे.

याच खडकवासल्याशी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव निगडित आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेले हे अभियंते मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना त्यांच्या ध्यानात आले, की पुराचे पुष्कळसे पाणी दरवर्षी सांडव्यावरून वाहून जाते, आणि ते अडवण्यासाठी धरणाची उंची वाढवणे खर्चाचे व जोखमीचे आहे. त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणाऱ्या दरवाजांची योजना केली. पाणी ठरावीक पातळीला पोचेपर्यंत दरवाजे बंद राहत, पातळी ओलांडली की स्वतःच्या यंत्रणेने उघडत, आणि पूर ओसरला की पुन्हा बंद होत. १९०३ साली हे दरवाजे खडकवासल्यावर बसले. पुढे ग्वाल्हेरजवळील तिग्रा आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागर येथेही त्यांचा अवलंब झाला. नवे धरण न बांधता आहे त्या धरणात अधिक पाणी धरणे, हा कार्यक्षमतेचा पहिला मोठा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याच्याच उशाशी गिरवला गेला.

विश्वेश्वरय्यांचा दुसरा विचार याहून मूलगामी होता. दख्खनच्या कालव्यांवरील पाणी मूठभर ऊस-बागायतदारांकडे एकवटते आणि शेजारची गावे कोरडी राहतात, हे पाहून त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धतीचा पुरस्कार केला. लाभक्षेत्राचे गट पाडावेत, गटात पिकांची फेरपालट ठेवावी आणि तेच पाणी अधिक गावांत पसरावे, असे तिचे सूत्र होते. कार्यक्षमतेला त्यांनी न्यायाची जोड दिली. वाचवलेले पाणी कोणाला द्यायचे हे ठरलेले नसेल, तर काटकसर करणाऱ्याचा हात आखडतो, हे मानवी स्वभावाचे ज्ञान त्यांच्या योजनेत होते.

*

१२ जुलै १९६१ हा दिवस पुण्याच्या इतिहासात दोन कारणांनी कायमचा कोरला गेला आहे. बांधकाम पुरते न संपलेले पानशेतचे धरण त्या सकाळी फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही फुटले, आणि मुठेचा पूर नदीकाठच्या पेठा व डेक्कनचा परिसर बुडवून गेला. प्राणहानी, वित्तहानी आणि त्यानंतर उभी राहिलेली पूरग्रस्तांची वसाहत हा त्या दिवसाचा सर्वज्ञात भाग. दुसरा भाग कमी बोलला जातो: ज्या धरणावर शहराचे सर्व नळ अवलंबून होते तेच नाहीसे झाल्यामुळे महापुराने वेढलेले शहर पिण्याच्या पाण्याला मोताद झाले, आणि वाड्यांतल्या ज्या विहिरी नळ आल्यापासून अडगळीत पडल्या होत्या, त्यांची आठवण नागरिकांना पुन्हा झाली. एकाच उगमावर सर्वस्वी विसंबून राहणे किती धोक्याचे आहे, याचा एवढा प्रत्यक्ष धडा क्वचितच एखाद्या शहराला मिळाला असेल. परंतु धरणे पुन्हा उभी राहिली, वरसगाव झाले, टेमघर झाले, आणि विहिरी पुन्हा बुजू लागल्या. काहींवर इमारती उभ्या राहिल्या.

या धरणांखाली जी गावे गेली, त्यांतील अनेक कुटुंबांना पर्यायी जमिनी खडकवासल्याच्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, दौंडच्या बाजूस मिळाल्या. म्हणजे ज्यांनी पुण्याच्या पाण्यासाठी घरदार सोडले, तेच आज कालव्याच्या आवर्तनाची, म्हणजे पाणी सुटण्याच्या पाळीची, वाट पाहतात, आणि शहराने अधिक पाणी उचलले की त्यांच्या आवर्तनाला कात्री लागते. पाण्याच्या वाटपाचा प्रश्न आकड्यांत मांडताना ही वस्तुस्थिती विसरता कामा नये.

*

शहरात आलेले पाणी कसे खर्च होते, हे पाहायचे असेल तर भल्या पहाटे एखाद्या जुन्या पेठेच्या कोपऱ्यावर उभे राहावे. रस्त्यावरचे दिवे मालवण्यापूर्वी महापालिकेचा व्हॉल्व्हमन सायकलीवर किंवा दुचाकीवर येतो. फुटपाथलगतचे लोखंडी झाकण पहारीने उचलतो. खांद्याएवढ्या उंचीची, वर आडवी मूठ असलेली चावी खाली सोडून व्हॉल्व्हच्या डोक्यात बसवतो, आणि दोन्ही हातांनी आटे मोजीत फिरवू लागतो. अमक्या गल्लीसाठी किती आटे, सणाच्या दिवशी त्यात किती वाढ, चढावरच्या वाड्यांना पाणी पोचावे म्हणून उताराकडचा व्हॉल्व्ह किती दाबून ठेवायचा, हे सारे त्याच्या हातात साठलेले असते. ते कोणत्याही नकाशावर उतरलेले नाही. पाणी सुटले की जमिनीखालून प्रथम हवेचा फुसकारा येतो, मग गढूळ धार, मग स्वच्छ पाणी. आणि त्या क्षणी गल्लीतल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात. पेठेतल्या पाण्याचा खरा वाटपकर्ता हा माणूस. पण त्याने किती पाणी सोडले हे त्यालाही माहीत नाही, कारण त्याच्याकडे आट्यांचे माप आहे, लिटरांचे नाही.

ठरावीक वेळीच पाणी सोडण्याची ही पद्धत काटकसरीची वाटते. वस्तुतः ती उधळपट्टीस उत्तेजन देते. पाणी उद्या येईल की नाही या शंकेने गृहिणी प्रत्येक भांडे भरून ठेवते, आणि उद्या ताजे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतते. गुरुवार हा दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवण्याचा पुण्यातला जुना वार. बुधवारी रात्री आणि शुक्रवारी सकाळी टाक्या काठोकाठ भरण्याची जी धांदल उडते, तिच्यात बंदच्या दिवशी वाचलेले पाणी कितपत वाचते याची शंकाच आहे. शिवाय नळ रिकामा झाला की आतला दाब नाहीसा होतो, आणि शेजारच्या गटाराचे पाणी फटीतून आत शिरायला वाव मिळतो. आलटूनपालटून पाणी देण्यात आरोग्याचा हा जो धोका आहे, तो पाणीपट्टीच्या बिलात कोठेच दिसत नाही.

पाणीपट्टीचेच उदाहरण घ्यावे. पुण्यात घरगुती पाण्याचा आकार कित्येक वर्षे मिळकतकराबरोबर, मिळकतीच्या करयोग्य मूल्यावर ठरत आला आहे. त्याचा आणि घरात वापरलेल्या पाण्याचा संबंध नाही. तोटी थेंबाथेंबाने गळत राहिली, तर सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसाला वीस-बावीस लिटर पाणी जाते. जुन्या धाटणीच्या फ्लशमध्ये एका वेळी दहा-बारा लिटर पाणी खर्ची पडते, तर दुहेरी बटणाच्या नव्या टाकीत तीन किंवा सहा लिटरांत काम भागते. आरओ यंत्र एक भांडे शुद्ध पाणी देताना दोन-तीन भांडी पाणी नळीवाटे टाकून देते. हे सारे सांगून नागरिकांना काटकसरीचा उपदेश करता येतो, आणि दर उन्हाळ्यात तो केलाही जातो. परंतु ज्याने फ्लश बदलला आणि ज्याने बदलला नाही, त्या दोघांचे बिल सारखेच येत असेल, तर उपदेशाला व्यवहाराचे पाठबळ मिळत नाही.

आणि घरापर्यंत पोचण्यापूर्वीच जे पाणी नाहीसे होते, त्यापुढे घरातली गळती किरकोळ ठरावी. जमिनीखालच्या जुन्या वाहिन्यांतील गळती, बेकायदा जोड आणि बिनमापाचा वापर मिळून सुमारे चाळीस टक्के पाण्याचा हिशेब लागत नाही, असे महापालिकेच्याच वर्तुळात सांगितले जाते. यावर उपाय म्हणून समान पाणीपुरवठ्याची योजना आखण्यात आली: शहराचे १४१ विभाग पाडायचे, प्रत्येक विभागात येणारे पाणी मोजायचे, नव्या टाक्या व वाहिन्या घालायच्या, आणि तीन लाखांवर मीटर बसवायचे. तिच्यासाठी महापालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे बाजारात आणले. योजना ठरलेल्या मुदतीत पुरी झाली नाही. मीटर म्हणजे दरवाढीचा डाव, असा संशय बळावला, आणि काही भागांत बसलेले मीटर निव्वळ शोभेचे राहिले. मीटरने गरिबावर बोजा पडू नये ही चिंता रास्त आहे. परंतु तिचे उत्तर पायरीपायरीने वाढणाऱ्या दरात आहे: निकषाइतके पाणी अल्प दरात, आणि त्यापुढे जलतरण तलाव, हिरवळ व मोटारधुणी यांचा दर चढता. मीटरला सरसकट विरोध करताना उधळ्याला मिळणारी सवलत मात्र आपण शाबूत ठेवतो.

*

पेठांतल्या माणसाची तक्रार पाणी वेळेवर येत नाही, अशी असते. शहराच्या कडेवरच्या माणसाची तक्रार पाणी येतच नाही, अशी आहे. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली, आणि क्षेत्रफळाने पुण्याने मुंबईलाही मागे टाकले. गावे हद्दीत आली, परंतु वाहिन्या आल्या नाहीत. महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत आपण स्वतः पाण्याची तजवीज करू, असे हमीपत्र विकसकाने द्यायचे आणि त्यावर बांधकामाची मंजुरी घ्यायची, असा शिरस्ता पडला. त्या हमीचा भार पुढे टँकरच्या बिलांच्या रूपाने सदनिकाधारकावर येऊन पडला. पाण्याच्या टंचाईवरून बाणेर-बालेवाडीतील नव्या बांधकामांना २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने पायबंद घातला, तेव्हा पाणी आणि बांधकामाचा परवाना यांचे नाते प्रथमच जाहीररीत्या विचारात घेतले गेले.

या विषमतेची सर्वांत दुःखद प्रचीती जानेवारी २०२५ मध्ये आली. सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या भागांत गियाँ-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. खडकवासल्याचा जलाशय या गावांपासून हाकेच्या अंतरावर. त्याचे पाणी जलवाहिनीने मैलोगणती दूर जाऊन शुद्ध होऊन पेठांत पोचते. आणि धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला मात्र विहिरीतले, केवळ क्लोरिन टाकलेले पाणी प्यावे लागते, असा हा विपर्यास होता. पाणी वाचवणे म्हणजे केवळ लिटर कमी करणे, असे मानणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. वाचलेले पाणी शुद्ध होऊन अशा वस्त्यांकडे वळले नाही, तर वाचवण्याला प्रयोजनच उरत नाही.

*

आता शहर सोडून कालव्याबरोबर पूर्वेस जावे. नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतून सुमारे २०० किलोमीटर जातो, आणि साठ हजार हेक्टरांहून अधिक शेती त्याच्या लाभक्षेत्रात मोडते. येथील शेतकऱ्याला पाणी हवे असेल तर ‘नमुना नंबर सात’ भरून द्यावा लागतो: गट क्रमांक, पीक, क्षेत्र, मागील थकबाकी. मंजुरी मिळाल्यावर पाणी येते ते शेजपाळीने, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाकडून सुरुवात करून क्रमाक्रमाने वर. अशा हेतूने, की टेलचा शेतकरी उपाशी राहू नये. नियम उत्तम आहे. प्रत्यक्षात टेलला पाणी पोचेपर्यंत आवर्तन संपत आलेले असते, आणि रात्री बॅटरी घेऊन चारीच्या काठाने दारे तपासत जाणारी माणसे इंदापूरकडे हमखास भेटतात. एवढ्या अर्जफाट्यानंतर या शेतकऱ्याला पाण्याच्या एकेका पाळीचा हिशेब द्यावा लागतो. शहरातल्या कोणत्याही घराला असा नमुना भरावा लागत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूनेही सर्व काही निर्मळ आहे असे नव्हे. उघड्या कालव्यातून झिरपा, बाष्पीभवन आणि चोरी यांत पाणी जाते. बारमाही उसाचा हव्यास आहे. आणि कालव्याच्या देखभालीची दुरवस्था २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ सर्व शहराने पाहिली, जेव्हा भर सकाळी कालव्याची भिंत फुटून वस्तीतले संसार वाहून गेले आणि भिंत पोखरल्याचा दोष सरकारी खुलाशात उंदीर, घुशी व खेकड्यांच्या माथी मारला गेला. खडकवासला ते पर्वती हा शहराचा मार्ग बंद जलवाहिनीने झाला आहे. खडकवासला ते फुरसुंगी असा बोगदा काढून कालव्यातली गळती थांबवण्याचा प्रस्ताव त्याच विचारातून पुढे आला. त्यातून वाचणारे पाणी कोणाच्या खाती जमा होणार, हे आधी लिहून ठेवणे मात्र अगत्याचे आहे.

शहर आणि शेती यांच्यात समेटाचा एक मार्ग महापालिका व जलसंपदा खाते यांच्या करारात पूर्वीच नमूद झालेला आहे. शहराने खडकवासल्यातून ११.५ टीएमसी पाणी घ्यावे आणि त्या बदल्यात ६.५ टीएमसी शुद्ध केलेले सांडपाणी शेतीला परत करावे, असे ठरले होते. त्यासाठी मुंढव्यास जॅकवेल, म्हणजे पाणी उपसण्याची विहीर, बांधून नदीतले पाणी कालव्यात टाकण्याची सोय झाली. कल्पना अत्यंत योग्य: तेच पाणी प्रथम घरात, मग शेतात, असे दोनदा वापरले जाते. परंतु तिचे यश शुद्धीकरणावर अवलंबून आहे. जुन्या केंद्रांची एकत्रित क्षमता ४७७ दशलक्ष लिटर, आणि शहरातून निघणारे सांडपाणी त्याच्या सुमारे दुप्पट. जपानच्या अर्थसाहाय्याने ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ नवी केंद्रे उभारण्याचे काम हाती घेतले गेले, तरी दोन्ही मिळून बेरीज पुरती जुळत नाही. उरलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. त्या जलाशयातली जलपर्णी आणि पाण्याचा हिरवा रंग पाहणाऱ्याला पुण्याच्या मोरीतले पाणी कोठे गेले हे विचारावे लागत नाही. आणि सोलापूर शहर त्याच उजनीतून पिण्याचे पाणी घेते. पुण्यात वाचवलेले आणि पुण्यात शुद्ध केलेले पाणी ही म्हणून केवळ पुण्याची घरगुती बाब राहत नाही.

*

शहराच्या पायाखालीही एक धरण आहे, आणि त्याला सांडवा, दरवाजा किंवा कोटा नाही. दख्खनचा काळा पाषाण एकसंध दिसतो, परंतु त्याच्या थरांत मुरूम, मांजऱ्या खडक आणि भेगा असतात. पावसाचे पाणी त्यांत मुरते आणि विहिरी, झरे व बोअरवेलांतून बाहेर येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे; अॅक्वाडॅमसारख्या येथील अभ्यासू संस्थेने या भूजलाचा अनेक वर्षे मागोवा घेतला आहे. तरीही शहराच्या पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात भूजलाला आणीबाणीच्या पाहुण्याचेच स्थान आहे. टँकरवाल्याच्या बोअरमधून रोज किती पाणी उपसले जाते, याची नोंद कोणत्याही दप्तरात सलग सापडत नाही. दुसरीकडे टेकड्यांवर घरे चढतात, ओढे नळ्यांत कोंबले जातात, आणि मुरायचे पाणी रस्त्यावरून धावते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या काठी पुरात जी प्राणहानी झाली, ती पाणी जिरवण्याची जागा आपण विकून टाकल्याची जबर किंमत होती. पर्जन्यजल साठवणाऱ्या मिळकतींना करात पाच टक्के सवलत देण्याची तरतूद आहे. परंतु सवलत मिळाल्यानंतर गच्चीवरचा पाइप खरोखर खड्ड्यात उतरतो की कोरड्या गटारात संपतो, हे पाहण्यास कोणी फिरकत नाही.

अधिक पाण्याची मागणी आली की नजर दुसऱ्या धरणांकडे जाते. भामा-आसखेड धरणाचे पाणी २०२१ पासून शहराच्या पूर्व भागात आले. आता मुळशीचे नाव घेतले जाते. ज्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तिचे पाणी सह्याद्री ओलांडून विजेसाठी कोकणाकडे जाते, आणि त्यातला वाटा पूर्वेकडे वळवण्याची मागणी तर्कदृष्ट्या गैर नाही. पण मिळकतीपेक्षा खर्च मोठा असलेल्या घराला नवे कर्ज मिळवून देण्यासारखे ते आहे. चाळीस टक्के गळणाऱ्या जाळ्यात मुळशीचे पाणी सोडले, तर त्यातलेही चाळीस टक्के गळेल. आणि गळती निम्म्यावर आणली, तर वीस टीएमसीपैकी चार टीएमसी हाती लागतात, म्हणजे टेमघरच्या धरणाएवढे पाणी, एकही गाव न बुडवता.

हे साध्य होण्यास नव्या शोधाची गरज नाही. दरवर्षी १५ ऑक्टोबरला जलसंपदा खाते धरणांतला साठा ठरवते आणि त्यावर वर्षभराचे नियोजन आखले जाते. कालवा सल्लागार समितीत शहर आणि शेतीचे वाटे त्यावरून पडतात. त्याच सुमारास महापालिकेने आपला जलताळेबंद प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक व्हावे: कोणत्या उगमातून किती घेतले, १४१ विभागांपैकी कोणत्या विभागात किती सोडले, बिलात किती उतरले, किती गळाले, किती शुद्ध करून मुंढव्याला परत दिले, आणि टँकरच्या बोअरमधून किती उपसले. आकडे त्रयस्थ तपासनिसाने तपासलेले असावेत, आणि विभागवार असावेत, म्हणजे सदाशिव पेठेला वाघोलीशी आणि वाघोलीला बाणेरशी आपली तुलना करता येईल. आज कालवा सल्लागार समितीत महापालिका आपली मागणी सांगते आणि तिच्यावर तडजोड होते. मागणीआधी ताळेबंद मांडला गेला, तर दौंड किंवा इंदापूरच्या शेतकरी प्रतिनिधीला भर बैठकीत विचारता येईल, की गेल्या वर्षी तुम्ही घेतलेल्या पाण्यातले किती आम्हाला परत आले; आणि त्याचे उत्तर आयुक्तांना भाषणाने नव्हे, लिटरांत द्यावे लागेल. तसे उत्तर एकदा द्यावे लागले की पुढच्या वर्षीची गळती शोधायला महापालिकेची माणसे आपणहून रस्त्यावर उतरतील.